इसार देण्यापूर्वी घर ठोकून पाहा
शेतकरी बंधूंनो, बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. घर घेताना मात्र नुसता रंग पाहून इसार देतो. हे बरे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे धाबे यांखालीच माणसे गाडली गेली. म्हणून जाणता गवंडी सोबत न्या. भिंत फुगलीय का, दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलीय का, बघा. तुळया-खांब ठोका, पोकळ वाजले तर वाळवीची शंका घ्या. जमल्यास घर पावसात पाहा. नमुना ८ चा उतारा कर आकारणीचा, मालकीचा पुरावा नव्हे. खरेदीखत आणि असल्यास मिळकत पत्रिका तपासा. उतारा देताना ग्रामपंचायतीनेही हे स्पष्ट सांगावे.