जीवरसायनशास्त्राची एक जागा आणि आपला हक्क

विद्यापीठातील अध्यापकांच्या जागा भरावयाच्या आहेत, अशी जाहिरात वृत्तपत्रात अधूनमधून प्रसिद्ध होते. तीत विषयांची यादी असते, आणि त्या यादीत कोठेतरी ‘जीवरसायनशास्त्र : रेण्वीय व पेशीय शाखा’ अशी एखादी ओळ असते. आपल्या समाजातील किती कुटुंबे ती ओळ वाचतात? लिपिकाची, तलाठ्याची किंवा शिपायाची जागा निघाली तर वस्तीवस्तीतून अर्ज जातात. विद्यापीठाची जाहिरात मात्र आपण दुसऱ्या कोणाची तरी समजून बाजूस सारतो. ही उदासीनता समाजास अत्यंत महाग पडत आहे, आणि तिच्या आडोशाने आपले हक्क कसे निसटतात हे बौद्ध बंधुभगिनींसमोर मांडणे मला अवश्य वाटते.

प्रथम हा विषय आपला कसा, ते पाहू. विदर्भातील आदिवासींत व आपल्या समाजात सिकल पेशीचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. पूर्वी कोणी याला देवीचा कोप म्हणे, कोणी पूर्वजन्मीच्या पापाचे फळ. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विकार रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूचा आहे, असे दाखविले. केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच महिन्यात, हा फरक त्या रेणूच्या एका लहानशा तुकड्यात आहे हे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याने एवढा अनर्थ होतो, हे त्यांनी सिद्ध केले. शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकल पेशीसंबंधीचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. कोप नाही, पाप नाही. कारण आहे आणि कार्य आहे. भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला, त्या दृष्टीला हे शास्त्र परके नाही. ज्या घरांत हा विकार आहे, त्या घरांतील मुलामुलींनी केवळ रुग्ण म्हणून रक्त द्यावे आणि त्या रक्ताची परीक्षा करणाऱ्याच्या, शिकविणाऱ्याच्या जागी मात्र त्यांनी कधी बसू नये, ही व्यवस्था न्यायाची नव्हे.

आता कायद्याकडे वळू. या प्रश्नाचा एक महत्त्वाचा खटला आपल्या नागपूर विद्यापीठाचाच आहे. १९८४ साली विद्यापीठाने ७७ जागांची जाहिरात दिली : १३ प्राध्यापक, २९ प्रपाठक व ३५ अधिव्याख्याते. राखीव जागा किती, हे तीत एकत्र सांगितले होते. पण कोणत्या विषयाची कोणती जागा राखीव, हे सांगितले नव्हते. डॉ. सुरेशचंद्र वर्मा विरुद्ध नागपूर विद्यापीठाचे कुलपती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ही पद्धत बेकायदेशीर ठरविली. त्यामागील तत्त्व सरळ होते. आपल्या विषयात राखीव जागा आहे की नाही हेच जर मागासवर्गीय उमेदवारास कळले नाही, तर त्याने अर्ज कशाच्या आधारे करावा? शिवाय, मुलाखती झाल्यावर कोणती जागा राखीव ठेवावी हे निवड समितीच्या मर्जीवर सोडले, तर राखीव जागांचा अर्थच उरत नाही. म्हणजे हा निकाल आपल्या हिताचा होता.

परंतु २७ वर्षांनी त्याच निकालाचे बोट धरून उलटा मार्ग काढण्यात आला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने विवेकानंद तिवारी खटल्यात एप्रिल २०१७ मध्ये असे ठरविले की, आरक्षणाची मोजणी संपूर्ण विद्यापीठ हा घटक धरून न करता एकेका विभागाची निराळी करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी तसा आदेश काढला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१९ रोजी त्याविरुद्धची याचिका फेटाळली.

माझ्या मते येथे दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झाली. राखीव जागा जाहीर कशी करावी, हा एक प्रश्न. ती मोजावी कशावरून, हा दुसरा. वर्मा खटल्याचे मर्म पहिल्या प्रश्नात आहे. जाहिरातीत विषय स्पष्ट लिहा, एवढ्यावरून मोजणीही विषयापुरतीच करा, असा अर्थ निघत नाही. घरातील धान्य सर्वांमध्ये किती वाटावयाचे हे संपूर्ण कोठारावरून ठरते. कोणाच्या ताटात काय वाढले हे मात्र ताटागणिक सांगावे लागते.

विभागवार मोजणीचा परिणाम हिशेबाने पाहा. केंद्राच्या बिंदुनामावलीत इतर मागासवर्गाचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातीचा सातवा आणि अनुसूचित जमातीचा चौदावा. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक हे तीन संवर्ग निराळे. समजा, जीवरसायनशास्त्राच्या एखाद्या विभागात सहायक प्राध्यापकांच्या चारच जागा आहेत. त्या चारही भरून, त्यांतील तिघे निवृत्त झाल्याशिवाय सातवा बिंदू उजाडत नाही. तोवर आज एम.एस्सी. झालेल्या मुलीचे केस पांढरे होतील. आदिवासी उमेदवारास तर त्याच्या नातवंडांची वाट पाहावी लागेल. प्राध्यापकाची जागा विभागात एकच असेल, तर एकाकी पदावर आरक्षण नाही असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चंदीगड येथील वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात १९९८ सालीच सांगितले आहे. विज्ञानाचे विभाग लहान असतात, आणि प्रत्येक शाखा निराळी मानली की ते आणखी लहान होतात. तेव्हा ही मोजणी सर्वांत अधिक झोंबते ती विज्ञानशाखेलाच.

या अन्यायाविरुद्ध देशभर आंदोलन झाले. ७ मार्च २०१९ रोजी अध्यादेश निघाला व जुलै २०१९ मध्ये संसदेने केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा केला. संपूर्ण संस्था हाच घटक, हे तत्त्व पुनः प्रस्थापित झाले. महाराष्ट्रानेही २०२१ साली त्याच धर्तीचा कायदा केला. पण केंद्राच्या कायद्याची अनुसूची आपण वाचली आहे काय? टाटा मूलभूत संशोधन संस्था, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र यांसारख्या संस्था त्यातून वगळल्या आहेत. पेशी व रेणू यांचे उच्च संशोधन जेथे चालते, तीच ही दारे. ‘उत्कृष्टता’ व आरक्षण एकत्र नांदत नाहीत, असे जणू कायद्यानेच मान्य केले! या वगळणुकीविरुद्ध आपल्या प्रतिनिधींनी आवाज उठविला पाहिजे.

योग्यतेचा आक्षेप नेहमीचाच आहे. त्याला उत्तर म्हणून श्रीमती कमला सोहोनी यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला, तो केवळ त्या स्त्री होत्या म्हणून. आग्रहानंतर सर सी. व्ही. रामन यांनी अटी घालून प्रवेश दिला. त्याच बाईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली व पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन केले. उच्चवर्णीय, सुशिक्षित घरातील कन्येसही जर जन्मावरून अयोग्य ठरविले गेले, तर आपल्या मुलांविषयी ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारणाऱ्या समितीचे मत आपण वेदवाक्य का मानावे? सिडनहॅम महाविद्यालयात बाबासाहेब प्राध्यापक असताना त्यांनी अध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यास स्पर्श करू नये, असे म्हणणारे लोक होतेच. राखीव जागेवरील उमेदवारही पात्रता परीक्षा किंवा डॉक्टरेट घेऊनच येतो. पात्र उमेदवारास अपात्र ठरविणाऱ्याने कारणे लेखी दिली पाहिजेत, अशी आपली मागणी असावी. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाच्या मसुद्यात राखीव जागा खुल्या करण्याची वाट ठेवलेली दिसली, तेव्हा विरोध झाल्यावरच शासनाने खुलासा केला. जागृत राहिलो म्हणूनच ते शक्य झाले.

आता आपले कर्तव्य. पहिले, कागदपत्रे. दीक्षेनंतर महाराष्ट्र शासनाने १९६० साली आपणांस सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० पर्यंत वाट पाहावयास लावली. केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्रात अनुसूचीतील जातीचे नाव लागते. नुसते ‘बौद्ध’ लिहिलेल्या दाखल्यामुळे अनेकांचे अर्ज अडतात. धर्माच्या रकान्यात अभिमानाने बौद्ध लिहा, आणि कायद्याने विचारलेल्या ठिकाणी जातीचे नाव लिहा. ती जातीची पूजा नव्हे. ज्या अन्यायाची भरपाई मागावयाची, त्याचा तो पुरावा होय. नव्याने दीक्षा घेणाऱ्या कुटुंबांनी हे प्रथमच समजून घ्यावे, आणि जात वैधता प्रमाणपत्रही वेळेत काढून ठेवावे.

दुसरे, बिंदुनामावली. विद्यापीठाची बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तिची प्रत मागता येते. जाहिरात निघाल्यावर नव्हे, तिच्यापूर्वीच ती मागावी. कोणता बिंदू कोणत्या वर्गाचा, मागील अनुशेष किती, मंजूर पद रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम का चालविले आहे, हे प्रश्न लेखी विचारावेत.

तिसरे, धीर. प्रयोगशाळेतील शिक्षण दीर्घ असते. एम.एस्सी. नंतर डॉक्टरेटची पाच-सहा वर्षे घर सोसत नाही, म्हणून हुशार मुलगी मिळेल ती नोकरी धरते. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, बार्टीची फेलोशिप आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. परंतु पैसे हाती येईपर्यंतचे महिने कोणी निभवावयाचे? आपल्या विहारांतून वर्षावासात व जयंतीस जो निधी जमतो, त्यातील एक भाग अशा विद्यार्थ्यांसाठी उसनवार म्हणून राखून ठेवला, तर मंडपाच्या रोषणाईपेक्षा तो अधिक काळ उजेड देईल.

बाबासाहेबांनी सिद्धार्थ व मिलिंद ही महाविद्यालये काढली, ती केवळ आपल्या मुलांनी बाकावर बसावे म्हणून नव्हेत. फळ्यासमोर कोण उभा राहतो, विषय कोण ठरवितो, पुढच्या उमेदवाराची परीक्षा कोण घेतो, यांवर समाजाचे स्थान ठरते. यापुढे विद्यापीठाची जाहिरात येईल, तेव्हा ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तुमच्या वस्तीतील कोणत्या मुलीने हा विषय घेतला आहे, हे आठवा, आणि कात्रण तिच्या घरी नेऊन द्या.