मुक्कामाच्या गावाचा हिशेब

पर्यटनवाढ हे उद्दिष्ट आणि पर्यटकांची संख्या हे यशाचे माप, हे समीकरण आपल्या प्रशासनात इतके रुजले आहे की, त्याचा खर्च कोण सोसतो असे विचारणेही अरसिकपणाचे ठरते. तरीही तो प्रश्न येथे विचारायचा आहे. शनिवार-रविवारच्या डोंगरातील सहलींसाठी आपण ज्या छोट्या गावांत मुक्काम करतो, त्या गावांच्या वाट्याला आपण खर्च ठेवला आहे आणि उत्पन्न दुसरीकडे नेले आहे. पर्यटकांच्या बेशिस्तीवर पुष्कळ लिहिले जाते; मला मूळ दोष कररचनेत दिसतो.

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कावेरीच्या काठी कुशालनगर आहे. पलीकडच्या तीरापासून जवळच बैलकुप्पे ही १९६१ पासूनची तिबेटी वसाहत. आसपास दुबारेचा हत्ती-तळ आणि निसर्गधाम. पुढे घाट चढला की मडिकेरी. कोडगूचे खोरे पाहावयास निघालेल्या माणसाला पथारी टाकण्यास याहून सोयीची जागा नाही. मार्च २०२३ मध्ये बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले आणि तीन तासांचे ते अंतर सुमारे दीड तासावर आले. रस्ता राष्ट्राने बांधला, वेळ बंगळूरकराचा वाचला. त्या रस्त्याने येणारी वाहने उभी कोठे करावयाची, त्यांतील माणसांना पाणी कोठून द्यावयाचे आणि त्यांचा कचरा कोठे टाकावयाचा, हे मात्र कुशालनगर आणि मडिकेरी यांनी पाहावयाचे आहे.

आता उत्पन्नाची बाजू पाहू. हॉटेलच्या खोलीचे एका रात्रीचे भाडे ८,००० रुपये असेल, तर त्यावर १८ टक्के दराने १,४४० रुपये वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. त्यांतील ७२० रुपये दिल्लीला आणि ७२० रुपये राज्याच्या तिजोरीत जातात. ज्या गावात ती रात्र घालविली गेली, त्या गावाला यातून थेट एक पैसाही मिळत नाही. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला; तेथेही वाटणी तीच. जुना चैनकर १ जुलै २०१७ रोजी या करात विलीन झाला. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ६२ व्या नोंदीत करमणूक कर स्थानिक संस्थांपुरता शिल्लक ठेवला, चैनीच्या वस्तू व सेवांवरील कर मात्र वगळला. म्हणजे गावाला खेळ-तमाशावर कर घेता येतो, मुक्कामावर नाही.

अनुदानातून ही तूट भरून निघते, असे कोणी म्हणेल. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाची राज्याराज्यांतील वाटणी मुख्यतः २०११ च्या लोकसंख्येवर केली. त्या जनगणनेत मडिकेरी शहराची लोकसंख्या सुमारे ३३ हजार होती. २०२१ ची जनगणना झाली नाही. १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची जनगणना पूर्ण झाली, तरी ती गावात राहणाऱ्यांना मोजील, शनिवारी येणाऱ्यांना नव्हे. पाण्याची टाकी मात्र शनिवारच्या मागणीनुसार बांधावी लागते आणि ती मंगळवारी अर्धी रिकामी असते. सर्वाधिक मागणीच्या वेळेचा खर्च त्या वेळच्या ग्राहकाने द्यावा, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. वीजदर ठरविताना आपण ते मान्य करतो, गावांच्या बाबतीत विसरतो.

याचा परिणाम दुहेरी होतो. गावाच्या हातात उरतो मालमत्ता कर आणि तो वाढतो बांधकामाने. अशा स्थितीत उतारावरील इमारतीला परवानगी नाकारणे म्हणजे स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडणे होय. ऑगस्ट २०१८ मध्ये मडिकेरीच्या परिसरात डोंगर कोसळले. कुशालनगरच्या सखल वसाहतींत त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी कावेरी शिरली. अतिवृष्टी हे कारण खरेच. परंतु उतार तोडण्यास आणि नदीकाठ भरण्यास बक्षीस देणारी करव्यवस्था निर्दोष कशी मानावयाची?

संख्येवर मर्यादा घालणे हा उपाय शेजारी सुरू झाला आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून निलगिरीत ई-पास लागू झाला आणि एप्रिल २०२५ पासून वाहनांची दैनिक मर्यादा ठरली. निदान मोजणी सुरू झाली, हे स्वागतार्ह आहे. पण उटीचे दार अरुंद केले की गर्दी वायनाड आणि कोडगूकडे वळते, आणि मोजणीने गटार बांधले जात नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकांना महाबळेश्वरच्या नाक्यावरील पावती परिचित आहे. माथेरानला तर दस्तुरीपाशी मोटार सोडावी लागते आणि प्रवेशाचे पैसे नगरपरिषदेकडे जातात. तत्त्व योग्य, साधन बोथट: एस.टी.ने येऊन संध्याकाळी परतणारा आणि आलिशान खोलीत तीन रात्री राहणारा, दोघांनाही माणशी आकारणी सारखीच. इटलीतील नगरपालिका रात्रीच्या मुक्कामावर कर घेतात, तो अधिक न्याय्य.

आपल्याकडे त्यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. राज्याने वसूल केलेले कर नगरपालिकांना नेमून देण्याची मुभा अनुच्छेद २४३ एक्स विधिमंडळास देतो. खोलीभाड्यावरील करातील राज्याच्या वाट्याचा निम्मा भाग मुक्कामाच्या गावाला द्यावा. वरील उदाहरणात ते ३६० रुपये होतात. रिसॉर्ट ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर पंचायतीला द्यावा. ही रक्कम पाणी, मलनिस्सारण आणि कचरा यांवरच खर्च व्हावी आणि तिचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. पर्यटकावर नवा बोजा नाही, नवा नाका नाही, नवा निरीक्षकही नाही.

‘पर्यटनाने रोजगार मिळतो, तोच गावाचा मोबदला’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. रोजगार खरा आहे, पण वेटरच्या पगारातून सांडपाण्याचे शुद्धीकरण होत नाही. ‘छोट्या संस्था पैसा खातील’ असेही म्हटले जाते. ही शंका मोठ्या संस्थांविषयी का येत नाही, हे मला कधी कळलेले नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपण मंडळींनी हा प्रश्न परक्या गावाचा समजू नये. कुशालनगरपासून निघालेली कावेरी कृष्णराजसागरात येते आणि पुढे म्हैसूर-बंगळूरच्या नळांना पोहोचते. रविवारी आपण जे तेथे सोडून येतो, त्याच्या शुद्धीकरणाचे पैसे त्या गावाला मिळत नसतील, तर ते आपल्याच पेल्यात परत येणार आहे.