मारेकरी पाहून ठरणारा शोक

२०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खार इथल्या एका पेट्रोल पंपाजवळ वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन मुलाला हेल्मेट नसल्याबद्दल अडवले. मुलाने भावाला बोलावून घेतले आणि त्या भावाने मागून येऊन शिंदे यांच्या डोक्यात दांडके घातले. ३१ ऑगस्टला लीलावती रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वाई तालुक्यातल्या शिरगावात त्यांना निरोप देण्यात आला, तेव्हा सगळे राज्य हळहळत होते. पोलिसांच्या पत्नी एकत्र येऊन नेत्यांना भेटल्या, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कुटुंबाला मदत जाहीर केली. हल्लेखोराचा धर्म कोणता, यावर समाजमाध्यमांत रणे माजली.

त्यानंतर आठवडाभरात कल्याणच्या तिसगाव भागात गणेशविसर्जनाच्या वेळी बंदोबस्तावरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तलावात ढकलले आणि बुडवण्याचा प्रयत्न केला. ते कसेबसे वाचले. या वेळीही संताप झाला, गुन्हे दाखल झाले, पण आठवड्यापूर्वीचा तो सूर लागला नाही. ‘पोरांच्या हातून झाले’ असे म्हणणारेही निघाले. वर्दी एकच होती, कामही एकाच जातीचे: गर्दीला किंवा मुजोराला ‘थांब’ म्हणण्याचे. बदलला होता तो फक्त हात उगारणारा.

पोलिसाच्या मृत्यूवरची आपली प्रतिक्रिया मेलेल्या माणसापेक्षा मारणाऱ्याकडे बघून ठरते, असे आमचे निरीक्षण आहे. कडू आहे, पण गेल्या वीस वर्षांतली महाराष्ट्रातली मोठी प्रकरणे शेजारी-शेजारी ठेवली की ते टाळता येत नाही. शोक खोटा असतो असे नाही. गावेच्या गावे अंत्ययात्रेला लोटतात, ती कुणी ट्रकने आणलेली नसतात. मात्र त्या शोकाचा पुढचा प्रवास कोणत्या दिशेने व्हायचा हे फार लवकर, बहुधा पहिल्या संध्याकाळीच, ठरून जाते.

हेमंत करकरे यांचे उदाहरण सर्वांत बोलके. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात स्फोट झाला. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख म्हणून करकरे यांनी केलेल्या अटकांमुळे नोव्हेंबरभर त्यांच्यावर कडवट टीका सुरू होती. २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले, आणि टीका करणाऱ्यांसह सगळेच त्यांना वंदन करू लागले. पुढच्या प्रजासत्ताक दिनी तिघांनाही अशोकचक्र मिळाले. वाटले होते, आता हा माणूस वादाच्या पलीकडे गेला. तसे झाले नाही. २०१९ मध्ये मालेगाव खटल्यातल्या आरोपी आणि भोपाळच्या उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर यांनी करकरे आपल्या शापाने मेले असे विधान केले. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांच्या संघटनेने निषेध केला, टीकेनंतर ते विधान मागेही घेतले गेले. २०२४ मध्ये विधानसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी एका पुस्तकाचा हवाला देत करकरे यांना लागलेली गोळी कसाबच्या बंदुकीतली नव्हतीच, असा दावा केला. कसाब आणि त्याच्या साथीदाराने या अधिकाऱ्यांना मारले हे खटल्यात सिद्ध झाले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तबही केले होते. निवडणुकीच्या हंगामात या निकालाची आठवण कुणाला झाली नाही. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने मालेगाव खटल्यातल्या सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली आणि करकरे यांच्या तपासावरचा वाद पुन्हा पेटला.

तपासावर टीका करण्याचा अधिकार सर्वांना आहे, अधिकारी हुतात्मा झाला म्हणून त्याच्या प्रत्येक कागदाला पावित्र्य येत नाही. पण तपास कसा होता आणि मृत्यू कसा झाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरचा राग दुसरीवर काढणे आणि पहिलीवरच्या प्रेमापोटी दुसरीभोवती कहाण्या रचणे, दोन्ही सारखेच. दोन्ही छावण्यांना त्या गल्लीत नेमके काय घडले याची फारशी उत्सुकता नव्हती.

ती होती दोन घरांना. विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या, त्या रात्रीचे वायरलेसवरचे संदेश, वेळा, मदत कधी मागितली आणि कधी पोहोचली हे जुळवत नेले आणि त्यावर पुस्तक लिहिले. कविता करकरे पतीच्या बुलेटप्रूफ जाकिटाचा पाठपुरावा करत राहिल्या. ते गहाळ झाल्याचे उघड झाले आणि जाकिटांच्या खरेदीवरच प्रश्न उभे राहिले. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या समितीने पोलिसांच्या सज्जतेतल्या उणिवा मांडल्या, त्यांत नेमबाजीच्या सरावासाठी पुरेसा दारूगोळाच नसल्याची बाब होती. तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर हातात लाठी घेऊन एके-४७ समोर गेले याचे आपल्याला कोण कौतुक! त्यांचा पुतळा झाला, २०२१ मध्ये ठाणे परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांचे नाव दिले. (ही मानवंदना आम्हाला अनेक शासकीय स्मारकांहून सुंदर वाटते.) मात्र लाठीच का होती, हा प्रश्न कौतुकाच्या आवाजात ऐकू आला नाही.

छत्रपती संभाजीनगरला हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. २०१२ च्या मार्चमध्ये हिमायतबागेत दहशतवादविरोधी पथकाची चकमक झाली, त्यात एक पोलीस जखमी झाला. २०१८ च्या मे महिन्यात शहागंज, राजाबाजार, नवाबपुरा या भागांत दंगल उसळली, तेव्हा सहायक पोलीस आयुक्त गोवर्धन कोळेकर यांच्या घशाला गंभीर इजा झाली. त्याच दंगलीत पोलिसांच्या पक्षपातीपणाचे आरोपही झाले. मार्च २०२३ मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या, पोलीस जखमी झाले आणि गोळी लागलेल्या एका रहिवाशाचाही मृत्यू झाला. या शहरात पोलीस एकाच रात्री मार खाणारा असतो आणि आरोपीही. अशा ठिकाणी ‘पोलिसांच्या पाठीशी उभे राहा’ एवढे म्हणून भागत नाही. ज्या मोहल्ल्याला किंवा पेठेला पोलीस आपला वाटत नाही, तिथे त्याच्या जखमेवर फुंकर घालायला कोण पुढे येणार? तिथल्या लोकांनी पोलिसांच्या गोळीबाराबद्दल प्रश्न विचारले म्हणून ते पोलिसाच्या मरणावर खूश होतात असा अर्थ काढणे मात्र अन्यायाचे आहे. २००६ च्या जुलैमध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तणाव झाला, गोळीबारात दोन नागरिक गेले आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना क्रूरपणे मारले. त्या चार मृत्यूंपैकी कोणते दोन आठवतात, हे विचारले की सांगणारा कुठल्या बाजूचा हे कळते.

गडचिरोलीचे दुःख या शहराच्या कानावर येते ते मराठवाड्यातल्या गावांमधून. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान गेले. त्यांत बीड आणि हिंगोली जिल्ह्यांतले तरुणही होते. त्या दिवशी पहाटे नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने पेटवली होती आणि जवान तिकडे खासगी वाहनाने निघाले होते. रस्ता आधी तपासला होता का, असे वाहन का वापरले, हे प्रश्न तेव्हा विचारले गेले. वाहनाचा चालकही मेला. तो पोलीस नव्हता, त्यामुळे श्रद्धांजलीच्या भाषणांत आकडा अनेकदा पंधरावरच थांबतो.

क्षोभाला जेव्हा कृतीचे रूप येते तेव्हा ते बहुतेक वेळा शिक्षेच्या वाढीचे असते. सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांबद्दल राज्याने भारतीय दंडविधानाच्या ३३२ आणि ३५३ या कलमांत दुरुस्ती केली आणि २०१८ पासून कमाल शिक्षा पाच वर्षांची झाली. पूर्वी ती अनुक्रमे तीन आणि दोन वर्षे होती. ३५३ चे कलम मग कचेरीत आवाज चढवणाऱ्या कुणालाही लावले जाते, अशी ओरड आमदारांपासून पत्रकारांपर्यंत अनेकांनी केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात इजा करण्याच्या गुन्ह्याला पाच वर्षे राहिली, पण ३५३ च्या जागी आलेल्या १३२ व्या कलमात कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षे झाली. एवढ्या आवेशाने केलेली दुरुस्ती निघून गेली, तेव्हा रस्त्यावर कुणी उतरले नाही.

विलास शिंदे यांच्या प्रकरणाशी थेट नाते सांगणारा बदल वेगळाच आहे आणि त्याचा फारसा गाजावाजा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. खाजगी शिकवण्या सुटण्याच्या वेळी छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर किंवा टीव्ही सेंटरला उभे राहून पाहा, या कलमाला किती काम आहे ते दिसेल. २०१६ च्या सुरुवातीला हेल्मेटसक्ती झाली तेव्हा तिच्याविरुद्ध कुरकुरणाऱ्यांत याच रस्त्यांवरचे पालक होते. चौकातल्या ‘मामां’नी मुलाला अडवले की बाप फोनवरून ओळख सांगतो. पावती टाळण्यासाठी चिरीमिरी देणारे आणि घेणारे दोघेही आपल्यातलेच आहेत, हेही इथे लपवण्यात अर्थ नाही.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा जवान मारले गेले, त्यांची ही आठवण. दिल्लीत २०१८ मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक खुले झाले, तेव्हा त्याच्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतरची ३४ हजारांहून अधिक नावे होती. इतकी नावे दोन-चार मोठ्या हल्ल्यांतून जमत नाहीत. गाजलेली नावे त्यांत मूठभर, बाकीची ज्या घटनांतली आहेत त्यांना मथळा मिळाला असेल तर एक दिवसाचा. करोनाकाळात महाराष्ट्र पोलीस दलातले चारशेहून अधिक जण गेले. सुरुवातीला थाळ्या वाजल्या, नंतर ती संख्या रोजच्या तक्त्यातली एक ओळ झाली. शिंदे गेले त्याच वर्षी मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला होता आणि तो सुचवला होता त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने. दमलेला, झोप न झालेला माणूस चौकात किंवा दंगलीत चुकतो, भडकतो, कधी जीव गमावतो. पाळीच्या तासांसाठी मोर्चा निघाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कर्तव्यावर पोलीस मारला गेला की ठरावीक मुदतीत चौकशीचा अहवाल व्हावा: तो किती तास कामावर होता, सोबत किती जण होते, हातात काय होते, अंगावर काय होते, मदत कधी मागितली आणि कधी आली. गोपनीय भाग वगळून तो विधिमंडळासमोर यावा. पोलिसांच्या गोळीने नागरिक मेला तरी हाच नियम असावा, म्हणजे किराडपुऱ्यातल्या घरालाही त्यावर विश्वास ठेवता येईल. विनीता कामटे सुशिक्षित होत्या, अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या, तरी त्यांना अर्ज आणि अपिले करावी लागली. बीड-हिंगोलीतल्या खेड्यातल्या शिपायाच्या पत्नीला हा अहवाल, तिने न मागता, तिला वाचता येईल अशा मराठीत घरपोच मिळायला हवा. त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही, गृहखात्याचा एक शासननिर्णय पुरे.