उजवा हात थांबता कामा नये

गिटार शिकणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, "काय काय येतं तुला?" तो लगेच कॉर्ड्सची यादी सांगेल. जी येतो, सी येतो, डी येतो, एफ अजून नीट लागत नाही. "लय कुठली येते?" असं कोणी विचारत नाही आणि कोणी आपणहून सांगतही नाही. दीड वर्षं मीही ह्याच यादीत नावं वाढवत होतो. आता मात्र माझं ठाम मत झालंय की ही शिकवणीच उलटी आहे. आधी उजवा हात शिकवायला हवा, डावा नंतर. (डावखुऱ्यांनी कृपया हात बदलून वाचावं.)

हे मत मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही, भर कोजागिरीला गच्चीवर झालेल्या फजितीतून ते आलंय.

चाळिशी उलटल्यावर मी गिटार घेतली आणि घराजवळच्या एका क्लासला जायला लागलो. पहिल्याच दिवशी चौकटी आणि ठिपक्यांच्या झेरॉक्स मिळाल्या. कुठलं बोट कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर, सगळं व्यवस्थित. उजव्या हाताचं काय, असं विचारलं तर उत्तर आलं, "ऱ्हिदम काय, येईल आपोआप." मला ते ऐकून बरंच वाटलं. आपोआप येणारी गोष्ट कोणाला नको असते?

पहिलं पूर्ण गाणं ठरलं ते बहुतेकांचं ठरतं तेच, बॉब डिलनचं 'नॉकिंग ऑन हेव्हन्स डोअर'. १९७३ च्या 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' ह्या वेस्टर्न सिनेमासाठी डिलनने ते लिहिलं. गोळी लागलेला एक म्हातारा शेरीफ नदीकाठी मरणाची वाट बघत बसलाय आणि मागे हे गाणं. पुढे गन्स अँड रोझेसने ते स्टेडियमभर गाजवलं, पण मूळ गाणं अगदी संथ आणि दमलेलं आहे. नवशिक्यांना ते देतात कारण कॉर्ड्स फक्त चार. पहिल्या ओळीला जी, डी आणि ए मायनर, दुसरीला जी, डी आणि सी. कडवं असो वा ध्रुवपद, पहिल्यापासून शेवटपर्यंत हेच फिरत राहतं. दोन आठवड्यांत मला चारही कॉर्ड्स स्वच्छ लागायला लागल्या आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, कोजागिरीला मी हे म्हणते, तू वाजव." मी मोठ्या रुबाबात हो म्हटलं.

गच्चीवर सोसायटीची तीसेक माणसं, मसाला दूध, चंद्र वगैरे सगळं जागच्या जागी. तिने सुरुवात केली. जी झाला. डी च्या वेळी माझा उजवा हात थांबला, डाव्या हाताची तीन बोटं आपापली जागा शोधत बसली, सापडल्यावर मी पुन्हा वाजवलं. ए मायनरला पुन्हा तेच. प्रत्येक बदलाला अर्धा सेकंद, कधी एक. घरी एकट्याने वाजवताना हा खड्डा मला कधी ऐकूच आला नव्हता, कारण मीही गिटारबरोबर थांबत होतो. इथे गाणारी दुसरी होती. ती प्रत्येक खड्ड्याशी शब्द तोंडात धरून माझी वाट बघत होती. दुसऱ्या कडव्यापासून तिचा आवाज लहान होत गेला आणि तिसरं तिने म्हटलंच नाही. टाळ्या पडल्या, पण त्या कशा होत्या ते कळण्याइतकं माझं वय झालेलं आहे.

खाली उतरताना ती एवढंच म्हणाली, "मामा, चुकीचं वाजवलंस तरी चाललं असतं रे. फक्त थांबायचं नाही ना."

मला राग आला. खोटं कशाला बोला. कॉर्ड्स एकही चुकली नव्हती! पण रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, की मी साथीला बसलो होतो आणि साथीदाराचं पहिलं काम योग्य स्वर देणं नसतंच. गाणाऱ्याला पाऊल टाकायला जमीन हवी असते. चुकीची कॉर्ड क्षणभर कानाला टोचते, पुढची बरोबर आली की विरून जाते. मधला खड्डा मात्र गाणाऱ्याला खाली पाडतो.

त्या झेरॉक्स पुन्हा काढून बघितल्या. शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची नावं. कुठली कॉर्ड ते आहे, किती वेळ ते कुठेच नाही. इंटरनेटवरच्या बहुतेक पानांवरही हेच. ज्याला गाणं कानात पक्कं बसलंय त्याला हे पुरतं. नवशिक्याला वाटतं कागदावर आहे तेवढंच शिकायचं.

मग मी आठ दिवस कॉर्ड वाजवलीच नाही. डावा हात तारांवर नुसता ठेवला, म्हणजे आवाज फक्त खस् खस्. आणि उजवा हात वर-खाली. एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. आकड्याला खाली, 'आणि'ला वर. हात घड्याळाच्या लंबकासारखा चालूच राहतो, तारांना लागायचं की नाही एवढंच दर वेळी ठरवायचं. सर्वात रुळलेला नमुना असा: खाली, खाली-वर, वर, खाली-वर. मोजून बघा, आठ जागांपैकी दुसरी आणि पाचवी रिकामी आहे. पाचव्या जागी हात खाली जातो, पण तारांना शिवत नाही.

हे मला काही केल्या जमेना. हात हवेत गेला की गोंधळ. मग एकदा सहज टाळी देऊन मोजलं आणि हसूच आलं. अहो, आठ मात्रा, पाचवीला खाली... हा तर आपला केरवा! धा गे ना ती, न क धी ना. समेला टाळी, पाचव्या मात्रेला हात हवेत. तबल्यातली खाली म्हणजे शांतता नव्हे, हे मला माहीत आहे. जाणकारांनी रागावू नये. पण लहानपणापासून भजनात बसलेल्या माझ्या हाताला तेवढी ओळख पुरली. जी वर एक आवर्तन, डी वर एक, ए मायनरवर दोन. पुन्हा जी, डी आणि सी वर दोन.

गंमत म्हणजे लय पक्की झाल्यावर डावा हातही सुधारला. बदलायला किती वेळ आहे ते आता त्याला कळत होतं. आवर्तनाच्या शेवटच्या 'वर'ला बोटं उचलून निघायचं. तेवढ्या क्षणी मोकळ्या तारा वाजतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ए मायनर आणि सी मध्ये तर एकाच बोटाचा फरक आहे. बाकी दोन जागची हलतच नाहीत. हे मला आधीही दिसू शकलं असतं, पण मी प्रत्येक वेळी पूर्ण हात उचलून नव्याने मांडत होतो.

ह्यावर एक मित्र म्हणतो, लय उपजत असते, शिकवून येत नाही. मला हे पटत नाही. उपजत काहींना असेलही. पण "आपोआप येईल" म्हणून जी गोष्ट शिकवलीच नाही, ती आली नाही तर दोष शिकणाऱ्याच्या रक्ताला का द्यायचा? खाली-वरचे बाण छापलेले कागदही मिळतात, ते पाठ करणं हाही उपाय नाही. बाण पाठ होतात आणि हात तरीही कॉर्ड बदलताना थांबतो. थांबू न देणं हाच धडा आहे, आणि तो पहिल्या दिवशी द्यायला हवा, एकाही कॉर्डच्या आधी.

दिवाळीत भाची आली तेव्हा मीच म्हटलं, म्हणतेस का पुन्हा? घरातच, प्रेक्षक फक्त तिची आई. पहिल्याच ओळीत मी ए मायनरच्या जागी सी वाजवला आणि पुढे एक डी सपशेल खरखरला. हात चालू ठेवला. तिने वळूनही बघितलं नाही. तिसरं कडवंही म्हटलं, डोळे मिटून.

एफ अजूनही नीट लागत नाही. असो.