जातीच्या रकान्याशेजारी

आपल्याकडे पूर्वजांचा शोध हौसेनं घेणारे थोडेच. बाकीच्यांना तो घ्यावा लागतो! घरातलं कोणी बारावीला गेलं की जात पडताळणीची आठवण होते आणि पळापळ सुरू. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, भटके-विमुक्त असाल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा तर मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला.

आमच्याकडेही पुतणीसाठी हेच झालं. मी सुट्टी टाकून बुलढाण्याकडे गेलो. काकांनी बरेच हेलपाटे घालून कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची, एक नक्कल मिळवली होती. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिलेले असतात. जन्माच्या नोंदीत बरेचदा बाळाचं नावही नसतं. बापाचं नाव, आणि पुढे नुसतं मुलगा किंवा मुलगी.

आमचं पान ऑक्टोबर १९१८ चं निघालं. जात स्पष्ट लिहिलेली. काका खूश, झेरॉक्स काढल्या, विषय संपला.

रात्री तेच पान परत बघत बसलो होतो. खापरपणजोबांच्या नावापुढे नऊ दिवसांत तीन मृत्यू. बायको, मुलगा, मुलगी. कारणाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी एकच शब्द: ताप. खाली-वर दुसऱ्या घरांपुढेही ताप, ताप, ताप...

ही १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. देशात कोटीच्या वर माणसं गेली, आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा सगळ्यात जास्त झोडपलेल्या भागांपैकी एक. शाळेत आम्हाला त्या वर्षाबद्दल पहिलं महायुद्ध संपलं एवढंच शिकवलं होतं.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आम्ही अख्खी रो काढली, एक कॉलम वाचला आणि बाकीची फेकून दिली.

सकाळी आजीला विचारलं. ती म्हणाली, "मायी सासू सांगे बाप्पा. एकाले जाळून येत नाही तं दुसरं तयार." मग हळूहळू पुढचं निघालं. पणजोबा तेव्हा सहा वर्षांचे, तेवढेच वाचले. त्यांचा बाप पुढे खचलाच. पोराला वाढवलं ते आत्यानं. ती विधवा होऊन माहेरी आलेली होती. दुसऱ्याच्या वावरात निंदणं-खुरपणं करून तिनं पोरगा जगवला.

म्हणजे आम्ही सगळे आज आहोत ते तिच्यामुळे. आणि पडताळणीसाठी स्टॅम्प पेपरवर काढलेल्या वंशावळीत ती कुठंच नाही! ती वंशावळ बापाकडून बापाकडेच जाते. कायद्याच्या कामापुरतं ते ठीक असेल, पण आपण तोच कागद घराण्याचा इतिहास म्हणून लॅमिनेट करून ठेवतो, हे मला पटत नाही.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांची समाधी उभी आहे, त्यांना १६२९ मध्ये देवगिरीवर कसं मारलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्यासारख्यांची समाधी म्हणजे कोतवालाच्या हातची ती एक ओळ. आणि त्या ओळीमागची गोष्ट ज्यांना माहीत आहे, ती माणसं ऐंशीच्या पुढे गेलीत.

आजीला आत्याचं नाव विचारलं. तिला आठवेना. "सारे आत्याच म्हणत रे तिले."

दहा वर्षांपूर्वी आजोबा होते. त्यांना नक्की माहीत असणार. तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि हे विचारायचं सुचलंच नाही.

असो. वंशावळीची घरातली प्रत मी नव्यानं काढली आहे. त्यात खापरपणजोबांच्या शेजारी एक चौकट आहे, आत नुसतं 'आत्या' लिहिलंय. तुमच्या घरी असा कागद असेल तर जातीच्या शेजारचे रकानेही वाचा, आणि आजीला आजच फोन करा.