मखरातील मूर्ती आणि मोबाइलमधील चित्र

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस प्राणप्रतिष्ठा होते न होते, तोच मखरासमोर मोबाइल उभे राहतात आणि आरतीची तयारी होण्याआधीच सातासमुद्रापलीकडील आप्तांना गणरायाचे दर्शन घडते. यात काही वावगे आहे असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. आमची तक्रार आहे ती घाईविषयी.

आमच्याच घरची हकीकत सांगतो. आजींच्या अखेरच्या गणेशोत्सवात, मखराशेजारी वाती वळीत बसलेल्या त्यांचे एक सुरेख छायाचित्र निघाले. ते सर्व नातलगांना गेले आणि मोबाइलमध्ये जागा व्हावी म्हणून मूळ चित्र पुसले गेले. पुढे आजी गेल्या. आठ बाय दहा इंचांची नीटस प्रत छापावयाची तर सुमारे २४०० बाय ३००० बिंदू हवेत. संदेशांतून फिरून आलेल्या चित्रात त्यांचा चतुर्थांशही उरला नव्हता. आजींच्या सुरकुत्या पार पुसल्या गेल्या होत्या.

असे का व्हावे? १९९२ साली प्रमाणित झालेली ‘जेपेग’ पद्धती डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील वगळून चित्र लहान करते. त्यातही प्रकाशापेक्षा रंगाचा तपशील बहुधा अधिक सढळ हाताने गाळला जातो. म्हणून जास्वंदीच्या पाकळ्या एकमेकींत मिसळतात आणि शेंदराची कड फिसकटते. चित्र पुनःपुन्हा सुधारून साठविले, की दर खेपेस थोडी झीज होतेच. सबब मूळ चित्रास हात न लावता त्याची प्रत करावी. क्षितिज सरळ करणे, कडा कापणे, लांब बाजू दोन हजार बिंदूंच्या आसपास आणणे, हे सारे त्या प्रतीवर एकदाच उरकावे. रंगांसाठी ‘एसआरजीबी’ हे १९९६ पासूनचे प्रमाण निवडल्यास दुसऱ्याच्या पडद्यावर पीतांबर बहुधा पिवळाच राहतो. शाडूच्या मूर्तीस दुधाळ कांती देणारे ते फिल्टर मात्र आम्हांस मुळीच मानवत नाहीत. मूर्तिकाराने योजलेला रंग आपण का बदलावा?

याहून गंभीर बाब निराळीच आहे. चित्राच्या फाइलीत कॅमेरा दिनांक व वेळ नोंदवितो आणि परवानगी दिलेली असल्यास घराचे अक्षांश-रेखांशही. स्पष्टता टिकावी म्हणून जाणती मंडळी चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडतात, तेव्हा ही नोंदही मुकाट्याने सोबत जाते. चांदीचा मुकुट, सोन्याची कंठी आणि शेजारी घराचा ठावठिकाणा! पाठविण्यापूर्वी स्थळाची नोंद काढून टाकण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. आरतीत उभ्या असलेल्या परक्या मुलांच्या आईवडिलांना विचारण्यास त्याहून थोडे अधिक लागेल, इतकेच.

आता आमच्याकडे अनंतचतुर्दशीच्या रात्री, विसर्जनाहून परतल्यावर, मूळ चित्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून ठेवण्याचा परिपाठ पडला आहे. आजींची तसबीर मात्र पोस्टकार्डाएवढीच आहे.