संघ कोणाच्या मालकीचा ?

फुटबॉलच्या चाहत्यांत सांप्रत एक विलक्षण प्रकार दृष्टीस पडतो. खेळ कसा झाला ही चर्चा मागें पडून संघ कोण विकत घेणार हीच चर्चा पुढें आली आहे. अमरावतीच्या महाविद्यालयांच्या पटांगणांवर काय किंवा अकोल्याच्या चहाच्या दुकानांत काय, मुंबई सिटीचे आकाशी सदरे घातलेल्या तरुणांचीं संभाषणें ऐकावीं. गोल किती झाले हें एका वाक्यांत उरकतें. आणि नवा धनी कोण, खेळाडूंचे पगार थकतील काय, पुढचा हंगाम होईल कीं नाहीं, यावर घटकाच्या घटका जातात. उपवर मुलीसाठीं स्थळें पाहावीं त्याप्रमाणें हे तरुण आपल्या संघासाठीं मालक पाहत असतात. अमुक कारखानदार आला तर बरें, तमुक परदेशी शेठ मिळाला तर दैवच उघडलें ! त्यांच्या काळजीबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु ती काळजी चुकीच्या प्रश्नाभोंवतीं घुटमळते, असें आमचें स्पष्ट मत आहे. मालक कोण होणार हा खरा प्रश्न नव्हे. गांवाचें नांव धारण करणारा संघ एका धन्याच्या मर्जीनें विकला जावा किंवा मिटविला जावा काय, हा खरा प्रश्न आहे.

काळजीस कारण नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें २०१० सालीं खेळाचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांच्या मक्त्यानें एका कंपनीस दिले. तो मक्ता २०२५ च्या डिसेंबरांत संपावयाचा होता. नवा करार होईना, म्हणून त्या वर्षीं जुलैमध्येंच इंडियन सुपर लीग ही स्पर्धा तहकूब झाली. पुढें महासंघानें नव्या मक्त्यासाठीं निविदा मागविल्या, तों एकहि बोली आली नाहीं. मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग २०१९ सालीं सिटी फुटबॉल ग्रूपनें, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या धन्यांनीं, घेतले होते. त्यांनींहि २०२५ च्या डिसेंबरांत आपलें अंग काढून घेतलें. त्यांच्या अमदानींत हा संघ दोनदां साखळींत पहिला आला होता आणि दोनदां त्यानें अंतिम चषकहि जिंकला होता. विजयानेंहि धनी टिकत नाहीं, हें यावरून सिद्ध झालें.

आणि हें कांहीं आजचेंच नाहीं. महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघानें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली; २०१० सालीं मालकांनीं तो संघच मिटविला. पुणें एफ. सी. हा संघ २०१२-१३ मध्यें आय-लीगमध्यें दुसरा आला आणि दोनतीन वर्षांतच मोठ्या स्पर्धांतून नाहींसा झाला. मुंबई एफ. सी. २०१७ सालीं खालच्या पायरीवर घसरला आणि तेथेंच संपला. एफ. सी. पुणें सिटी या संघाची कथा तर सर्वांत बोधप्रद आहे. २०१४ सालीं निघालेला हा संघ पैशाच्या अडचणींमुळें २०१९ सालीं बंद पडला व त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. हैदराबादनें २०२२ सालीं अजिंक्यपद मिळविलें. पण त्यानंतर तेथेंहि खेळाडूंचे पगार थकले, धनी बदलला, आणि २०२५ सालीं तो संघ उचलून दिल्लीस नेण्यांत आला. पुणें, हैदराबाद, दिल्ली ! प्रवासी कंपनीची नाटकमंडळी सुद्धां मुक्काम हालवितांना गांवकऱ्यांना रामराम करून जात असे.

हें ऐकून वऱ्हाडी मनुष्यास आपला जुना इतिहास आठवल्यावांचून राहणार नाहीं. १८५३ च्या तहानें निजामानें आपल्याकडील फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत दिला. १९०२ सालीं तोच प्रांत वर्षास २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिला. नांवाचा धनी हैदराबादेस, कारभार करणारा इंग्रज, आणि कापूस पिकविणारा कुणबी अमरावती-अकोल्याचा ! दोन्ही वेळां त्याला कोणीं विचारलें नाहीं. आम्ही देशाची व खेळाची बरोबरी करीत नाहीं. परंतु ज्यांच्या जिवावर एखाद्या वस्तूस मोल येतें त्यांस वगळून तिचा सौदा करावयाचा, ही वृत्ति दोहोंकडे एकच आहे. आणि ती ओळखण्यास वऱ्हाडाइतका अनुभव दुसऱ्या कोणास असणार?

यावर व्यवहारी गृहस्थ म्हणतील, “ज्याचा पैसा त्याची सत्ता, तुमच्या चाहत्यांनीं दिलें काय?” हा आक्षेप वरवर सबळ दिसतो. परंतु धन्यानें विकत घेतलें तें काय ? खेळाडूंचे करार आणि एक परवाना. संघास जी किंमत येते ती त्याच्या नांवानें, रंगांनीं व त्यामागें उभ्या असलेल्या लोकांनीं. रिकाम्या मैदानावरील खेळाला जाहिरातदार फुटकी कवडी देणार नाहीं. जें मोल लोकांनीं निर्माण केलें, तें विकतांना लोकांना विचारावें, यांत जगावेगळें असें काय आहे ?

दुसरा आक्षेप असा कीं, संस्था लोकांच्या हातीं दिल्यास ती भांडणांनींच बुडेल. अमरावतीकरांस तरी हा आक्षेप शोभत नाहीं. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं स्थापिलेलें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आमच्या डोळ्यांसमोर शंभर वर्षांहून अधिक काळ उभें आहे. १९३६ सालीं ऑलिंपिकच्या प्रसंगीं बर्लिनमध्यें त्याच्या पथकानें आपले देशी खेळ दाखविले. तें मंडळ उद्यां कोणा शेठनें उचलून दिल्लीस न्यावें, अशी कल्पनाहि कोणाच्या मनांत येत नाहीं. नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाची जमीनसुद्धां आपल्या राज्यांत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवांचून विकतां येत नाहीं. कोल्हापुरांत पाहावें तर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ पेठांतील तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर लोक तिकीट काढून गर्दी करतात. प्रसंगीं भांडतात, हातघाईवरहि येतात, तें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पण तेथील म्हाताऱ्यास आपल्या तालमीचा संघ परगांवीं विकला जाईल, अशी धास्ती वाटत नाहीं. संस्थांत भांडणें होतात हें खरें. तीं होतात, कारण तेथें सभासदास मत असतें. कंपनींत भांडण होत नाहीं, कारण चाहत्यास तेथें आंत येण्यास दारच नसतें.

युरोपांतहि हा प्रश्न सुटला नाहीं, असें नव्हे. जर्मनींत १९९८ पासून असा नियम आहे कीं, थोडे अपवाद सोडल्यास क्लबाच्या कंपनींतील निम्म्याहून अधिक मतें सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिलीं पाहिजेत. इंग्लंडांत विंबल्डनचा संघ २००३ सालीं मिल्टन कीन्स येथें हलविण्यांत आला. परंतु तेथील चाहत्यांनीं आधल्याच वर्षीं स्वतःचा संघ काढला होता. तो पायरीपायरीनें चढत व्यावसायिक साखळींत जाऊन पोहोंचला. २०२५ सालीं तर इंग्लंडच्या संसदेनें फुटबॉलसाठीं स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदाच केला. संघाचें चिन्ह किंवा घरच्या सदऱ्याचे रंग बदलावयाचे तर आतां तेथें चाहत्यांचा कौल घ्यावा लागतो. आमच्या संसदेनेंहि २०२५ सालीं क्रीडा-कारभाराचा कायदा केला. पण त्याचा रोख महासंघांवर आहे.

म्हणून आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. संघाचें नांव, रंग व गांव नोंदलेल्या सभासदांच्या संमतीवांचून बदलतां येऊं नये, अशी अट महासंघानें परवान्यांतच घालावी. एका हंगामाच्या पगाराची रक्कम मालकानें आगाऊ ठेव म्हणून भरावी, म्हणजे तो निघून गेला तरी खेळाडूंच्या घरची चूल विझणार नाहीं. आणि क्लबाचा जमाखर्च दरसाल छापून प्रसिद्ध व्हावा.

परंतु हीं मागणीं करण्याचा अधिकार मिळवावा लागतो, आणि येथें आम्हांस चाहत्यांनाहि चार शब्द सुनवावयाचे आहेत. नुसती घोषणा देणारा मनुष्य सभासद होत नाहीं. वर्गणी देणारा होतो. १८६० च्या सोसायट्यांच्या कायद्याखालीं संस्था नोंदण्यास सात माणसें पुरतात. ज्या तरुणांस रात्र रात्र धन्यांचीं नांवें चघळण्यास फुरसत आहे, त्यांस सात सह्या गोळा करणें जड जाऊं नये. त्यांनीं सभासद करावे, पैपैचा हिशेब ठेवावा, निवडणूक घ्यावी, आणि मग महासंघाच्या व मालकाच्या दाराशीं जावें. याचक म्हणून गेलेल्याला भिक्षा मिळते. भागीदार म्हणून गेलेल्याला उत्तर द्यावें लागतें. जोंपर्यंत चाहते नव्या धन्याची वाट पाहत बसतील, तोंपर्यंत त्यांस धनी मिळत राहतील, आणि ते धनी एके दिवशीं निघूनहि जातील.